अंगठ्याचा दाब

उज्वलाचे जोडीदार किती झाले, असं कुणी विचारलं की तिची आई नवसाबाई पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "अवो, हळू बोला. पोरीचं लगीन व्हायचंय अजून!" ऐकणारा दचकायचा, आणि नवसाबाईची तेवढीच करमणूक व्हायची.

प्रकरण साधं होतं. उज्वला चाकांच्या बुटांवर नाचायची, स्पर्धेत, आणि तेही जोडीनं. या प्रकाराला कपल डान्स म्हणतात. एक मुलगा, एक मुलगी, पायात चार-चार चाकांचे बूट, खाली गुळगुळीत फरशी. गाणं सुरू झालं की संपेपर्यंत दोघांनी एकमेकांना धरून असं फिरायचं, की बघणाऱ्याला दोन माणसं वेगळी दिसू नयेत. परदेशात हेच बर्फावर करतात म्हणे. नाशकात बर्फ मिळायचा तो उसाच्या रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. म्हणून इथं आपलं सिमेंट.

आणि पोरगी कुठली? तर मळ्यातली. तिच्या बापाचं नाव वाळू, आणि मखमलाबादच्या अंगाला त्याचा मळा होता. शेवंती, झेंडू, आणि मधल्या काळात कोबी, मेथी, काय लागेल ते. एक्क्याण्णव साली शहरात स्केटिंगची रिंक झाली. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते, तेव्हा हार-तोरणांचं काम वाळूला मिळालं. सुतळी धरायला नऊ वर्षांची उज्वला बरोबर आली होती. फीत कापून झाली, पाहुणे चहाला गेले, आणि ही बया कुणाचे तरी बूट पायांत अडकवून रिंकच्या मधोमध उभी! रिंकचे मास्तर वाल्मीकसर ओरडायला धावत आले, आले ते बघतच राहिले. पोरगी पडत नव्हती. हळूहळू पुढं सरकत होती.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी नाय. ओल्या बांधावरून पाटी घेऊन जातो ना, तसं चाललं की होतंय."

सरांनी तिथल्या तिथं वाळूला गाठलं. "ही पोरगी मला द्या," म्हणाले. वाळूनं डोकं खाजवलं. "घ्या की. पण फुलं तोडायच्या वक्ताला घरी पायजे." असा तो करार झाला आणि दोन्ही बाजूंनी तो बरीच वर्षं पाळला.

एकटीनं नाचायला उंच उड्या लागतात आणि उज्वलाला उड्यांची भीती. तिचा ताल मात्र पक्का होता, म्हणून सरांनी तिला जोडीत घातलं. आणि मग सुरू झाली ही जोडीदारांची कथा.

पहिला योगेश. निफाडच्या द्राक्षवाल्यांचा मुलगा, शिकायला नाशकात मामाकडे राहिलेला. गोरागोमटा आणि भित्रा. मुलीचा हात धरायचा म्हटलं की त्याच्या तळव्याला असा घाम सुटायचा, की उज्वला आधी त्याचा हात आपल्या फ्रॉकला पुसायची आणि मग धरायची. तीन वर्षांत तिनं त्याला माणसात आणलं, राज्य स्पर्धेपर्यंत नेलं. दहावीचं वर्ष आलं आणि मामानं त्याचं नाव काढून घेतलं. योगेश स्वतः सांगायला आला नाही. रिंक झाडणाऱ्या झुंबरबाईनं बातमी दिली.

दुसरा महेश. ताल चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्याच्याबरोबर राष्ट्रीय स्पर्धेत ब्राँझ आलं, पुढच्या वर्षी रौप्य आलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी महेश पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. मित्राच्या हाती निरोप, 'सॉरी सांग.'

तिसरा यादव. नाशकातल्याच द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा, अंगानं दांडगा, वळायला ट्रकसारखा. त्यालाही उज्वलानं वळवलं आणि पुन्हा रौप्य आणलं. मग यादवचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी विचारलं, जावई रोज एका पोरीचा हात धरतो, तो कशासाठी? यादवनं बूट विकून टाकले.

तर असं चाललं होतं. जोडी पिकायला यायची आणि मुलगा निघून जायचा. उज्वला पुन्हा पहिल्यापासून कुठल्या तरी नव्या धडपड्याला घेऊन 'हा डावा पाय, हा उजवा' करत बसायची. दुसरी कुणी असती तर कंटाळून घरी गेली असती. हिनं एक युक्ती काढली होती.

जोडीच्या नाचात नियम असा, की लीड मुलानं द्यायचा. कधी वळायचं, कधी वेग धरायचा, हे मुलानं हातानं सुचवायचं आणि मुलीनं त्याच्या मागं जायचं. पण उज्वलाच्या वाट्याला येणारी पोरं कच्ची. ती काय सुचवणार, कपाळ? मग तीच सुचवायची. तिचा हात त्याच्या हातात असायचा आणि तिचा अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवर. हलकासा दाबला की वळण आलं. जोरात दाबला की आवर. दाबून तसाच धरला की थांब, अजून नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर लीड देतोय मुलगा! परीक्षकसुद्धा तसंच म्हणायचे. यादवसारख्या यादवलाही एका परीक्षकानं पाठ थोपटून शाबासकी दिली होती, आणि उज्वला शेजारी उभी राहून गालातल्या गालात हसली होती.

यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. कच्च्या माणसाला आपल्याबरोबर न्यायचं, मागं टाकायचं नाही, असंच ती मळ्यात शिकली होती. उलट तिला अभिमान होता. मैत्रिणींना सांगायची, "माझ्याबरोबर नाचलेला मुलगा पुन्हा दुसरीबरोबर नाचूच शकत नाही." आणि खरंच होतं ते. महेशनं पुण्यात एकदा दुसऱ्या मुलीबरोबर करून बघितलं होतं, पंधरा दिवसांत सोडलं. उज्वलाला ते कळलं तेव्हा तिनं झुंबरबाईला पेढा दिला होता.

मग दोन हजार एक साली राज आला.

राज चांदवडचा. कांद्याच्या शेतात वाढलेला, बारा-तेरा वर्षांचा, आत्याकडं द्वारकेला राहायला आलेला. काटकुळा, कान मोठे, बोलणं कमी. पण पहिल्याच दिवशी त्यानं फरशीवर पाय टेकवला आणि वाल्मीकसरांनी उज्वलाकडं बघितलं, उज्वलानं सरांकडं. हे पाणी वेगळं होतं. उज्वला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तो तिला ताई म्हणायचा. तिच्या खांद्याला लागायचा तेव्हापासून ती त्याला घेऊन फिरली, आणि चार वर्षांत तो तिच्या डोक्याच्या वर गेला. अंगठ्याचा दाब एवढा मुरला, की ती नुसता विचार करायची आणि तो वळायचा. लोक नुसते सरावाला म्हणून बघायला यायला लागले. दोन हजार चार साली त्यांचं सुवर्ण थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी ते आपलंच, असं सर छातीवर हात ठेवून सांगायचे.

पण त्या पुढच्या वर्षी उज्वलाचा उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "ही डिसेंबरातली स्पर्धा करा. त्यानंतर बूट चढवलेत तर जिना चढताना मला शिव्या द्याल."

म्हणजे एकच संधी राहिली होती. चौदा वर्षं, चार जोडीदार, आणि सोनं एकदाही नाही. उज्वलाला ते हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्या नावानं तिला भूक लागायची. मळ्यात फुलं तोडताना, बसला उभी असताना, जेवताना, सगळीकडं तिच्या डोक्यात फ्री डान्सचं, म्हणजे जोडीनं स्वतः बसवलेल्या नाचाचं, गाणं चालू असायचं. वाळूला स्थळं यायची, तो सांगायचा, "डिसेंबर होऊ द्या. पोरगी सोनं आणणार हाय." पाहुण्यांना वाटायचं दागिन्यांचं बोलतोय.

दिवाळी झाल्यावर राज्याचं शिबिर नाशकात भरलं. निवड समितीच्या एक बाई पुण्याहून आल्या होत्या, बरोबर त्यांची शिष्या मनीषा. मनीषा पंधरा वर्षांची, हुशार, अंगात वारं असलेली. बाईंनी राजला बघितलं आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेला ज्युनिअर जोडी पाठवायची आहे. उज्वला वयात बसत नाही. हा मुलगा आणि मनीषा, अशी जोडी होईल का, बघू या."

सरांनी हो म्हटलं. उज्वलानंही हो म्हटलं, नाही म्हणून करते काय?

राज आणि मनीषा मधोमध उभे राहिले. गाणं लागलं. साधंच गाणं, राजच्या पायाखालचं. मनीषा त्याच्या हाताची वाट बघत राहिली. राज तिच्या हाताची वाट बघत राहिला. दोघं सरळ जाऊन कठड्यावर आदळले.

पुन्हा गाणं लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वळण आलं तेव्हा राज चक्क थांबला, स्टँडवर बस चुकलेल्या माणसासारखा. शिबिरातली पोरं खिदळली. मनीषा वैतागून म्हणाली, "अरे, काहीतरी सांग ना हातानं! मला कसं कळणार?" राजचे मोठे कान लाल झाले. बाईंनी गाणं बंद केलं.

"मुलाचे पाय छान आहेत," बाई सरांना म्हणाल्या, "पण ह्याला लीडच नाही. आश्चर्य आहे. उज्वलाबरोबर तर दिसतो."

आता खरं सांगायला हवं. उज्वला कठड्याला टेकून उभी होती आणि तिला बरं वाटलं. मनात कुठंतरी गुदगुल्या झाल्या. बघा म्हणावं, आहे का कुणाची हिंमत माझ्या जोडीदाराला न्यायची! तिनं राजच्या पाठीवर हात ठेवला आणि "जाऊ दे रे," म्हणाली. घरी जाताना ती चक्क गाणं म्हणत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि कोबीत खुरपणी चालली होती. शिबिर होतं म्हणून आठवडाभर उज्वला मळ्यात आली नव्हती. खुरपणीला प्रत्येक बाई आपली एक पात धरते, म्हणजे एक सरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात चालणारी पुढं निघून जाते. पण या मळ्यात रीत अशी, की जिची पात आधी संपेल तिनं उभं राहून गंमत बघायची नाही. वळायचं आणि मागं राहिलेलीची पात दुसऱ्या टोकाकडून काढत तिच्यापर्यंत यायचं. दोघी मधे भेटल्या की काम संपलं. उज्वलाची वहिनी शुभांगी शहरातली, खुरप्याला नवी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची अर्धी पात उज्वलाच काढायची. शुभांगी लाजायची, उज्वला म्हणायची, "असू दे गं वहिनी."

त्या रविवारी उज्वला मळ्यात आली तर शुभांगीच्या सहा-सात पाती अर्ध्यावर सोडलेल्या. पुढच्या अर्ध्यात गवत कोबीच्या वर आलेलं. नवसाबाई कपाळाला हात लावून बांधावर बसली होती.

"हे गं काय?" उज्वला म्हणाली.

"तुझी पुण्याई," नवसाबाई म्हणाली. "तिचा हातच अर्ध्या पातीचा झालाय. निम्म्यापर्यंत येती आन् मान वर करून बघती, उज्वलाताई आली का समोरून. हिला वाटतं पात तेवढीच असती."

"मी मदत करत होते तिला."

"मदत एकदा करायची, दोनदा करायची. तू दोन वर्सं केली. तुला बरं वाटायचं ना, वहिनी ताई-ताई करती म्हणून? आता बस." नवसाबाईला रागाच्या भरात जे तोंडात येईल ते बोलायची सवय होती, आणि बोलून झाल्यावर ती विसरूनही जायची. ती उठली आणि बैलांना पाणी दाखवायला गेली.

उज्वला खुरपं हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोबीकडं बघत होती, पण तिला दिसत होता कठड्यावर आदळलेला राज. आणि त्याच्या मागं योगेश, महेश, यादव, रांगेनं. तिनं कुणालाच लीड शिकवला नव्हता. तिच्याकडून गेलेला मुलगा दुसरीबरोबर नाचू शकत नाही, कारण तिनं त्याला नाचायला शिकवलंच नव्हतं, नुसतं फिरवलं होतं. आणि ह्याचे तिनं पेढे वाटले होते! तिला एकदम अंगभर लाज वाटली. ती खाली बसली आणि शुभांगीच्या पातीत नाही, आपल्याच पातीत खुरपायला लागली. शुभांगीनं दोनदा मान वर करून बघितलं. उज्वला आली नाही.

सोमवारी तिनं वाल्मीकसरांना सांगितलं. सगळं सांगितलं, अंगठ्यासकट.

सर खुर्चीत मागं रेलले. "मला काय माहीत नव्हतं का?" म्हणाले. "पण चाललं होतं ना. पदकं येत होती."

"सर, मला त्याला लीड शिकवायचाय."

"शिकव की. डिसेंबरनंतर."

"डिसेंबरनंतर माझा गुडघा नाही. मी बूटच घालणार नाही तर शिकवणार कशी? लीड बोलून येत नाही सर, कुणीतरी हातात यावं लागतं."

"अगं, पाच आठवडे राहिलेत! आत्ता त्याच्या हातात दिलंस तर सोनं गेलं समज. चौदा वर्षं कशाला घासलीस मग?" सरांचा आवाज चढला. "तुला हवंय की नको?"

"हवंय," उज्वला म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "म्हणूनच तर पंचाईत आहे."

सरांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि म्हणाले, "कर काय करायचं ते. माझं डोकं नको खाऊस."

त्या दिवसापासून तिनं अंगठा उचलला. राजला नुसतं एवढंच सांगितलं, "इथून पुढं तू मला न्यायचं. मला काही येत नाही असं समज." तो म्हणाला, "तुम्हाला येत नाय, आन् मला येतंय? ताई, मस्करी करता का?" पहिले आठ दिवस तर तमाशा झाला. दोघं एकमेकांच्या पायांत आले, पडले, एकदा राजची चाकं तिच्या पोटरीवरून गेली. उज्वलाला वाटायचं, मरू दे, दाबावं. हात शिवशिवायचा. ती जीभ दाताखाली धरायची. राज चिडायचा, रडकुंडीला यायचा, एकदा बूट फेकून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आत्यानं कान धरून आणून सोडला.

हळूहळू थोडं जमायला लागलं. सरळ पट्ट्यात तो न्यायचा. सोप्या वळणावर न्यायचा. पण फ्री डान्सच्या मध्यात एक जागा होती, कोपऱ्यात उलटं वळून हात बदलायचे, आणि तिथं तो रोज उशीर करायचा. तिथं पोचला की त्याचा हात गार पडायचा आणि वाट बघायला लागायचा.

डिसेंबरात राष्ट्रीय स्पर्धा विशाखापट्टणमला होती. पहिल्या दिवशी ठरावीक नाच होते, ते राजला झोपेतही येत. संध्याकाळी फळ्यावर त्यांचं नाव सगळ्यांत वर होतं. उज्वलानं मळ्याशेजारच्या दुकानात फोन केला, तर वाळू फोनवर एवढ्या जोरात ओरडला की फोनची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दिवशी फ्री डान्स. बूट बांधताना उज्वलाच्या मनात आलं, आजचा एक दिवस दाबावं. कोपऱ्यात एकदा, फक्त एकदा. कुणाला कळणार आहे? सोनं घ्यावं, घरी जावं, मग राजला हवं तेवढं शिकवावं. पण तिच्या गुडघ्याला 'मग' नव्हतंच ना! समोर कठड्याला पुण्याच्या बाई बसल्या होत्या, शेजारी मनीषा. राजनं हात पुढं केला. उज्वलानं अंगठा उचलून बाहेर धरला.

गाणं सुरू झालं. सुरुवात चांगली गेली. लोक टाळ्या वाजवत होते. राज नेत होता आणि ती जात होती, आणि मग तो कोपरा आला.

आता, असं तिच्या आतून कुणीतरी म्हणालं. आता. दाब. अगं दाब, मेले!

तिनं दाबलं नाही.

राज वळला नाही. गाणं पुढं निघून गेलं आणि ही दोघं मागं राहिली, नुसती चाकांवर घरंगळत, कुणीच कुणाला नेत नव्हतं. टाळ्या थांबल्या. एका परीक्षकानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. सोनं गेलं. ते कुठल्या क्षणी गेलं हे उज्वलाला अगदी स्पष्ट कळलं.

आणि मग राजचा हात वळला. त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि तिला ओढलं. विचारून नाही, चाचपून नाही, ओढलं. राहिलेल्या पावलांतली काही त्यानं गाळून टाकली, हात बदलला आणि भलत्याच बाजूनं वळून गाणं पकडलं. तो आपल्याला कुठं नेतोय हे उज्वलाला ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ठाऊक नव्हतं. ती घाबरली, आणि गेली. पुढचा नाच तिला फारसा आठवतच नाही, कारण आठवणीत ठेवायचं काम तिच्याकडं नव्हतंच. एवढंच आठवतं, की गुडघा दुखत नव्हता.

तिसरा नंबर आला. ब्राँझ. वाल्मीकसरांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि चष्मा पुसत बसले.

उज्वला बाकावर बसून रडली. सोन्यासाठीच रडली, उगाच मोठेपणा कशाला? राज समोर उकिडवा बसला. त्याचं नाक लाल झालं होतं.

"ताई, तुम्ही दाबलं का नाय?"

तिनं मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"चार वर्सं दाबताय. कळायला मी काय दगड हाय का?"

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"बोललो असतो तर तुम्ही सोडलं असतं." तो खाली बघून म्हणाला. "मला बरं वाटायचं. काय करायचं ते तुम्हालाच ठाऊक, आपण नुसतं फिरायचं."

उज्वलालाही बरं वाटायचंच की.

तेवढ्यात पुण्याच्या बाई आल्या. म्हणाल्या, "राज, कोपऱ्यात चुकलास ते चुकलास. पण त्यानंतर जे केलंस ते मला पुन्हा बघायचंय. फरशी आत्ता मोकळी आहे. मनीषा थांबली आहे. येतोस?"

राज उठला नाही. तो उज्वलाकडं बघत राहिला.

"जा," उज्वला म्हणाली.

"आन् तुम्ही?"

"मी इथंच आहे, कुठं पळून जातेय? जा म्हणते ना. आणि एक ऐक. ती हातात आली की मला शोधत बसू नको. नेणाऱ्यानं पुढं बघायचं असतं. मागं वळून बघितलंस तर तिला घेऊन पडशील."

राज गेला. मनीषानं हात पुढं केला, त्यानं तो धरला. गाणं लागलं. पहिलं वळण त्यानं जरा धसमुसळं घेतलं, दुसरं नीट घेतलं. मनीषा हसली. दोघं बाकाच्या समोरून गेले तेव्हा उज्वला रडलेल्या तोंडानं सावरून बसली, पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसले, म्हटलं आता बघेल. त्यानं बघितलं नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही. मान ताठ, डोळे पुढं, अगदी सांगितलं होतं तसा तो सगळी फरशी फिरला.

एकदा तरी बघायला हवं होतं मेल्यानं, असं तिला वाटलं.